जन्मतः नसलेला दात आणि फायबरचा ब्रिज: एका आईच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी १७ वर्षांची आहे. वरच्या जबड्यातला, उजव्या सुळ्याच्या अलीकडचा पटाशीचा दात तिला जन्मतःच आलेला नाही. तारांची ट्रीटमेंट नुकतीच संपली असून तिथे एका दाताची जागा मोकळी ठेवली आहे. एका डॉक्टरांनी दोन्ही बाजूंचे दात घासून झिर्कोनियाचा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवायचा कृत्रिम दात) सुचवला, दुसऱ्यांनी इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायच्या कृत्रिम मुळावरचा दात) सांगितलं आणि तिसरे म्हणाले, दात न घासता फायबरचा मेटल-फ्री ब्रिज करू. हा तिसरा प्रकार नेमका काय, तो किती टिकतो आणि शेवटी प्लॅस्टिकच असल्यामुळे तो तात्पुरताच समजायचा का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

कृत्रिम दात बसवण्याच्या शाखेत, म्हणजे प्रोस्थोडॉन्टिक्समध्ये, मी बरीच वर्षं काम करते आहे. निर्णय आधी सांगते, कारणं मागून. तुमच्या मुलीच्या वयाला आणि त्या विशिष्ट जागेला आज फायबरचा ब्रिज हा माझ्या मते सर्वांत योग्य पर्याय आहे. अटी दोन. तिच्या चाव्यात त्यासाठी जागा असावी, आणि बसवणाऱ्याने तो पूर्ण कोरड्या दातावर, तंतू योग्य ठिकाणी ठेवून बसवावा. ब्रिजचं आयुष्य या दोन गोष्टींवर ठरतं. पाकिटावर कोणत्या कंपनीचं नाव आहे याने फारसा फरक पडत नाही.

आधी दात घासण्याबद्दल, कारण माझा जीव तिथेच सर्वांत जास्त तुटतो. नेहमीच्या ब्रिजसाठी शेजारचे दोन्ही दात चहूबाजूंनी घासून खुंटासारखे करावे लागतात. एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी २००२ मध्ये पुढच्या दातांवर मोजणी केली. पूर्ण कॅपसाठी घासताना हिरडीबाहेर दिसणाऱ्या दाताच्या भागापैकी ६३ ते ७२ टक्के भाग जातो. चिकटवून बसवायच्या ब्रिजला हेच प्रमाण ३ ते ३० टक्के असतं आणि फायबरच्या कामात बहुतेक वेळा त्याहूनही कमी. तुमच्या मुलीच्या बाजूचे दोन्ही दात निरोगी आहेत, एकही फिलिंग नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. १७ व्या वर्षी दाताची नस मोठी आणि पृष्ठभागाच्या जवळ असते. अशा वेळी खोल घासलं तर नस दुखावण्याचा, पुढे रूट कॅनॉल करावं लागण्याचा धोका मोठ्या माणसापेक्षा जास्त. एक नसलेला दात भरून काढायला दोन चांगले दात खर्ची घालायचे, हे मला पटत नाही. शेजारच्या दातांवर आधीच मोठी फिलिंग किंवा जुन्या कॅप असत्या तर माझं मत वेगळं झालं असतं.

इम्प्लांट उत्तम गोष्ट आहे, पण आत्ता नाही. नैसर्गिक दात जबड्याच्या वाढीबरोबर हळूहळू खाली सरकत राहतात. इम्प्लांट हाडाला थेट जखडलेलं असतं, ते सरकत नाही. वाढ संपण्याआधी घातलं तर काही वर्षांनी शेजारचे दात खाली येतात, इम्प्लांटवरचा दात मात्र वरच अडकल्यासारखा आखूड दिसतो आणि हिरडीची रेषाही वाकडी होते. हसताना पहिल्यांदा दिसते ती हीच जागा. मुलींची वाढ मुलांपेक्षा लवकर थांबते हे खरं, पण १८ वर्षं पूर्ण झाली म्हणून वाढ थांबली असं होत नाही. वर्षभराच्या अंतराने चेहऱ्याचे बाजूने दोन एक्स-रे काढून ते एकमेकांवर ठेवून पाहतात. फरक दिसला नाही तर वाढ थांबली असं मानतात. चेहऱ्याच्या उभ्या वाढीत थोडे बदल विशीतही होत राहतात. म्हणून सुळ्याजवळच्या या जागेत इम्प्लांटची घाई मी कधीच करत नाही. तोवर मुलीने कॉलेजची वर्षं काढघाल करायच्या प्लेटवर काढायची का? तशी गरज नाही.

आता फायबरचा ब्रिज म्हणजे काय ते सांगते. 'मेटल-फ्री' या नावाखाली सध्या दोन अगदी वेगळी कामं विकली जातात. झिर्कोनिया ही एक सिरॅमिक आहे, ती लॅबमध्ये मशीनवर कोरून भट्टीत भाजतात. फायबरचा ब्रिज म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची जुडी आणि तिच्यावर चढवलेलं कंपोझिट. हे कंपोझिट म्हणजे पुढच्या दातांच्या फिलिंगला वापरतात तेच, निळ्या प्रकाशाने घट्ट होणारं, दाताच्या रंगाचं. नुसत्या कंपोझिटचा ब्रिज चावताना मोडतो. दाबाला ते सोसतं, ताणाला सोसत नाही. हा ताण तंतू घेतात.

काचतंतूंची कल्पना नवी नाही. कवळीचं ॲक्रिलिक मोडू नये म्हणून त्यात काचेचे तंतू घालण्याचे प्रयोग १९६० च्या दशकात सुरू झाले. अडचण एकच होती. कोरडे तंतू क्लिनिकमध्ये हाताने रेझिनमध्ये, म्हणजे नंतर घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकच्या चिकट द्रवात, भिजवले की मध्ये कुठेतरी पोकळ्या राहायच्या, आणि त्या जागीच काम फाटायचं. पुढे अमेरिकेत सिएटलमधून रिबॉन्ड नावाची पॉलिएथिलिनची विणलेली पट्टी आली. रेझिनने ती ओली व्हावी म्हणून तिच्यावर प्लाझ्माची प्रक्रिया केलेली असते. दुसरीकडे फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात पेक्का व्हालिट्टू यांच्या गटाने काचतंतू कारखान्यातच रेझिनने आणि एका खास पॉलिमरने पूर्ण भिजवून घेण्याची पद्धत विकसित केली. त्यातून एव्हरस्टिक हे उत्पादन आलं, जे आता जपानच्या जीसी कंपनीकडे आहे. ब्रिजसाठी वापरायची त्याची जुडी साधारण दीड मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्यात सुमारे ४००० तंतू शेजारी शेजारी, एकाच दिशेने धावतात. हे सामान फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. बाहेर पडून राहिलेलं, उजेड लागलेलं फायबर पुढे कितीही कौशल्याने वापरलं तरी रुग्णाचं नुकसानच होतं.

एकाच दिशेने हे शब्द महत्त्वाचे आहेत. क्रेन्शेल नावाच्या डॅनिश अभियंत्याने १९६४ मध्ये तंतूंच्या दिशेचा हिशेब मांडला. सगळे तंतू ताणाच्या दिशेत असले तर त्यांची ताकद पूर्ण, म्हणजे १, उपयोगी पडते. कापडासारखे आडवे-उभे विणले तर त्या दिशेत ०.५, आणि कापून चहूकडे विखुरले तर ०.२. म्हणून ब्रिजच्या कण्यासाठी मी सरळ जुडी वापरते. विणलेली पट्टी हलणारे दात एकत्र बांधायला छान, कारण तिथे ताण अनेक दिशांनी येतो आणि विणलेली पट्टी दातांच्या वळणाला सुरकुती न पडता बसते.

दिशेइतकीच जागाही महत्त्वाची. घराचा स्लॅब टाकताना मुख्य सळई खालच्या अंगाला का ठेवतात हे कुठलाही गवंडी सांगेल: वजन आलं की ताण खाली येतो, आणि सिमेंट ताणाला कच्चं. ब्रिजचं तसंच. दाढेच्या जागी चावल्यावर मधल्या दाताच्या हिरडीकडच्या अंगाला ताण येतो, म्हणून जुडी तिथे खाली झुकवून ठेवायची. वरच्या पुढच्या दातांना खालचे दात आतून बाहेर ढकलतात, म्हणून तिथे ताण ओठाकडच्या अंगाला जातो. अशा वेळी शेजारच्या दातांवर जुडी टाळूच्या बाजूला चिकटवते आणि मधल्या दाताच्या पोटात ती थोडी पुढे वळवून घेते. रंग झाकायला पुढे पुरेसं कंपोझिट राहील इतकीच. शिवाय त्या पोटात तंतूंचा एक छोटा तुकडा आडवा घालते, म्हणजे मुख्य जुडीवरचं कंपोझिट सुटून येत नाही. हा आडवा तुकडा वेळ वाचवण्यासाठी अनेकदा वगळला जातो. फायबरच्या ब्रिजवरचं कंपोझिट टवका उडून निघालं अशी तक्रार येते तेव्हा मी पहिला प्रश्न याच तुकड्याचा विचारते.

याच हिशेबातून एका दाताची मर्यादाही येते. दोन आधारांमधलं अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच भाराखाली वाकणं आठपट होतं. जाडी निम्मी केली की ताठपणा एक अष्टमांश उरतो. तुमच्या मुलीच्या जागेची रुंदी साधारण साडेसहा-सात मिलिमीटर असणार. फायबरला हे सहज पेलतं. दोन-दोन दाढांची जागा फायबरने भरून देतो असं कोणी म्हणालं तर मी नम्रपणे नको म्हणेन.

धातूपेक्षा यात काय वेगळं? जुन्या चिकटवायच्या ब्रिजचे पंख, म्हणजे शेजारच्या दातांना मागून चिकटणारे भाग, धातूचे असत. फ्रान्समध्ये रोशेत यांनी १९७३ मध्ये भोकं पाडलेले धातूचे पंख दातांना चिकटवले. पुढे अमेरिकेच्या मेरीलँड विद्यापीठात धातूचा पृष्ठभाग विजेच्या साहाय्याने कोरण्याची पद्धत आली आणि हे काम जगभर मेरीलँड ब्रिज म्हणून ओळखलं जाऊ लागलं. आपल्याकडेही ते खूप झाले आणि त्यातले काही आजही लोकांच्या तोंडात आहेत. पण निकेल-क्रोमियम या धातूचा ताठपणा सुमारे २०० गिगापास्कल (ताठपणा मोजायचं एकक), आणि दाताच्या आतल्या डेंटिनचा सुमारे १८. दात चावताना किंचित हलतो, वाकतो. धातू वाकत नाही. सगळा ताण त्या दोघांमधल्या चिकटपट्टीवर जमतो आणि एके दिवशी पंख सुटतो. तंतू आणि कंपोझिट मिळून तयार झालेला कणा ताठपणाने डेंटिनच्या जवळपास राहतो, दाताबरोबर थोडा लवतो. धातूच्या पंखामुळे पटाशीच्या दाताच्या पातळ कडेतून करडी छटा दिसते, तीही इथे टळते. खोटे दागिने घातले की खाज सुटते, पुरळ येतं, अशी निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी हा मुद्दा आणखी मोठा. पुढे कधी डोक्याचा एमआरआय करावा लागला तर धातूमुळे चित्रात येणारा गोंधळही नसतो.

झिर्कोनियाबद्दल मात्र मला न्यायाने बोललं पाहिजे. तुम्हाला सुचवलेला, दोन्ही दात पूर्ण घासून करायचा झिर्कोनियाचा ब्रिज मी नाकारते आहे. पण झिर्कोनियाचा एक पंखाचा चिकटवायचा ब्रिजही असतो. जर्मनीतल्या कील विद्यापीठात माथियास केर्न यांनी या ब्रिजचा दहा वर्षांपेक्षा जास्त काळ पाठपुरावा केला. दोन पंखांपेक्षा एकाच पंखावर लटकवलेला दात चांगला टिकतो, असं त्यांना दिसलं. सुळा आणि मधला पटाशीचा दात चावताना वेगवेगळ्या दिशांना हलतात. ताठ ब्रिजने दोघांना एकत्र बांधलं की एक पंख सुटणारच. रंग टिकण्यात आणि झीज सोसण्यात झिर्कोनिया फायबरपेक्षा सरस आहे. तिला चिकटवायला मात्र सँडब्लास्टिंग (बारीक कणांचा मारा करून पृष्ठभाग खरखरीत करणं), फॉस्फेटचा विशिष्ट रेणू असलेलं सिमेंट आणि ते काम जाणणारी लॅब लागते. तुमच्या गावाजवळ अशी सोय असेल तर हा पर्यायही तोलामोलाचा आहे. फायबरच्या बाजूने दोन गोष्टी राहतात. काम तोंडातच, बहुधा एका बैठकीत होतं. आणि काही बिघडलं तर तोंडातच दुरुस्त होतं. झिर्कोनियाचा कणा तुटला तर बहुतेक वेळा सगळं नव्याने करावं लागतं.

आता कोरडेपणाची अट. या सगळ्या शाखेचा पाया १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी घातला. एनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणावर, फॉस्फोरिक आम्ल थोडा वेळ ठेवलं की त्यावर सूक्ष्म खळगे पडतात आणि त्यात रेझिन शिरून घट्ट धरतं, हे त्यांनी दाखवलं. आज साधारण ३७ टक्क्यांचं आम्ल वापरतात. न घासलेल्या एनॅमलवर ते जरा जास्त वेळ ठेवावं लागतं, कारण त्याचा बाहेरचा थर आम्लाला लवकर दाद देत नाही. धुऊन वाळवल्यावर दात खडूसारखा पांढराफटक दिसला पाहिजे. त्या क्षणापासून रेझिन घट्ट होईपर्यंत लाळेचा स्पर्शही चालत नाही. एकदा लाळ लागली की खळगे भरतात, नुसत्या धुण्याने ते मोकळे होत नाहीत, आम्ल पुन्हा लावावं लागतं. म्हणून मी हे काम रबर डॅमशिवाय करत नाही. तो रबरी पडदा लावला की मोजके दात बाहेर राहतात, बाकी तोंड आड होतं. मुलांना सुरुवातीला त्याचा वैताग येतो, पाच मिनिटांत सवय होते. हिरडी सुजलेली असेल, ब्रश लागला तरी रक्त येत असेल, तर आधी क्लीनिंग करून हिरडी बरी करायची आणि मगच ब्रिज. तारा नुकत्या निघालेल्या मुलांच्या हिरड्या बऱ्याचदा अशाच असतात. त्यासाठी थोडे दिवस थांबणं फायद्याचं ठरतं.

आपल्याकडचा एक मुद्दा परदेशी पुस्तकांत क्वचितच येतो. चंद्रपूर, यवतमाळ यांसारख्या जिल्ह्यांत पाण्यात फ्लोराइड जास्त असलेली गावं आहेत. तिथल्या मुलांच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी चट्टे असतात. असं एनॅमल आम्लाला दाद देत नाही आणि चिकटवलेलं काम लवकर सुटतं. अशा दातांवर वरचा थर हलका खरवडून आम्ल जास्त वेळ ठेवावं लागतं, आणि चट्टे खोल असतील तर मी फायबरचा आग्रह धरत नाही. तुमच्या मुलीचं बालपण अशा गावात गेलं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

प्रत्यक्ष काम कसं होतं? आधी छोटा एक्स-रे काढून शेजारच्या दातांची मुळं समांतर आहेत का ते पाहायचं. तारा लावणाऱ्या डॉक्टरांनी मुळं आत झुकलेली ठेवली असतील तर उद्या इम्प्लांटला जागा मिळणार नाही, मग आज वर कितीही सुंदर दात बसवला तरी काय उपयोग? तारा पूर्ण काढण्याआधी हे पाहिलेलं सर्वांत बरं. मग चावा. खालचे दात वरच्या दातांच्या मागच्या बाजूला कुठे टेकतात हे रंगीत कागदाने तपासते. दातावर दाबून चपटी केलेली जुडी आणि वरचं कंपोझिट मिळून साधारण एक मिलिमीटर जागा लागते. जागा नसेल तर तारांच्या डॉक्टरांना ती थोडी करून देता येते. दात घासून जागा करण्यापेक्षा मला ते कधीही आवडेल.

त्यानंतर अंतर मोजायचं, तेवढी जुडी धारदार कात्रीने कापायची आणि उरलेली लगेच झाकून ठेवायची. दोन्ही दातांच्या मागे आम्ल, बाँड (दात आणि कंपोझिट जोडणारं पातळ रेझिन), पातळ कंपोझिटचा थर, त्यावर जुडी दाबून बसवायची. एका दातावर प्रकाश टाकताना उरलेली जुडी झाकावी लागते, नाहीतर ती वाकवण्याआधीच घट्ट होते. कणा बसला की मधला दात थर देत देत घडवायचा: आत डेंटिनसारखी गडद छटा, वर एनॅमलसारखी पारदर्शक. याच वेळी दुसरीकडचा जोडीचा दातही मी नीट पाहते. एका बाजूचा दात जन्मतः नसेल तर दुसऱ्या बाजूचा अनेकदा बारका, खुंटीसारखा असतो. त्याच बैठकीत त्यालाही कंपोझिटने आकार दिला तर दोन्ही बाजू जुळतात आणि मुलीच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो नुसत्या ब्रिजने पडत नाही. तुमच्या पत्रात दुसऱ्या बाजूचा उल्लेख नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. आणि हा प्रकार घराण्यात चालतो. धाकटं भावंड असेल तर त्याचाही एक्स-रे योग्य वयात काढून घ्या.

खालच्या बाजूला, हिरडीकडे, मधला दात फुगीर आणि आरशासारखा गुळगुळीत हवा. तिथे खोबण राहिली तर अन्न अडकतं आणि हिरडी लाल होते. तंतू कुठेही उघडे राहता कामा नयेत. उघड्या तंतूंवर लाळेचं पाणी बसून काच आणि रेझिनचा जोड हळूहळू कमकुवत होतो, आणि जिभेला ते खरखरीत लागतं ते वेगळंच. शेवटी चावा पुन्हा तपासायचा, सरळ चावून आणि जबडा बाजूला सरकवूनही. मधल्या दातावर जबडा सरकवताना भार येता कामा नये.

ब्रिज झाला की तारांनंतरचा जुना रिटेनर (दात परत सरकू नयेत म्हणून घालायचा साचा) बसत नाही, नवा करावा लागतो. तो त्याच आठवड्यात करून घ्या. फायबरच्या दोन पंखांनी जागा धरून ठेवली तरी बाकीचे दात मोकळेच आहेत.

किती टिकतो, या प्रश्नाला एक आकडा देणं अप्रामाणिकपणाचं होईल. जगभरचे अभ्यास एकत्र करून २००९ मध्ये काढलेला निष्कर्ष असा होता की साडेचार वर्षांनी सुमारे ७३ टक्के ब्रिज टिकले. २०१७ च्या अशाच एका आढाव्यात जवळपास पाच वर्षांनी हा आकडा ९४ टक्क्यांच्या पुढे गेला. दोन्ही आढाव्यांत वेगवेगळ्या जागा, वेगवेगळ्या पद्धती आणि वेगवेगळी साधनं आहेत, त्यामुळे त्यांची सरळ तुलना करू नये. पण दिशा स्पष्ट आहे: भिजवलेले तंतू, न घासलेलं एनॅमल आणि योग्य निवड यांनी निकाल सुधारतो. तुमच्या मुलीची जागा सोप्या जागांपैकी आहे. नीट केलेला ब्रिज पाच-सात वर्षं सहज जावा अशी माझी अपेक्षा असते. मधे एखादी पॉलिश, एखादी छोटी दुरुस्ती लागेल. तेवढ्या काळात तिची वाढ पूर्ण होते आणि इम्प्लांटचा निर्णय ती स्वतः, सज्ञान होऊन, तिच्या सोयीने घेऊ शकते. तेव्हा ब्रिज काढला की शेजारचे दात आज आहेत तसेच असतात. तात्पुरता की कायमचा, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी असं देईन: आज पूर्ण विश्वासाने वापरायचा दात, ज्याच्यामुळे उद्याचा एकही पर्याय बंद होत नाही.

प्लॅस्टिकचा म्हणून शरीराला अपाय होईल का, हीही शंका तुम्ही लिहिली आहे. कंपोझिटमधलं एक रेझिन बिस्फेनॉल-एपासून बनवतात आणि सुरुवातीला अगदी सूक्ष्म अंश बाहेर येऊ शकतो. प्रकाशाने घट्ट केल्यावर हवेला लागलेला वरचा चिकट थर पूर्ण घट्ट होत नाही. तो पॉलिश करून काढला आणि तोंड नीट धुतलं की हा अंश आणखी कमी होतो. हेच कंपोझिट साध्या फिलिंगमध्ये वर्षानुवर्षं वापरलं जात आहे.

ज्यांना मी हा ब्रिज देत नाही त्यांच्याबद्दलही लिहिते, कारण हे उत्तर इतरही वाचतील. झोपेत दात करकर खाणारे, खालचे दात वरच्या टाळूला टेकतील इतका खोल चावा असणारे, आखूड आणि झिजलेले दात असणारे, गुटखा, सुपारी, तंबाखू न सोडणारे. मिश्रीने रोज दात घासणाऱ्यांचं कंपोझिट खरवडून निघतं. दाढांच्या जागी मी क्वचितच फायबर वापरते, आणि तेही शेजारच्या दाढांमध्ये आधीच फिलिंगची जागा असेल तर.

उलट एका प्रसंगी मात्र फायबरला तोड नाही. पायोरियाने हललेला खालचा पुढचा दात काढावाच लागतो आणि ते आजी-आजोबा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतात, किंवा हाडं ठिसूळ झाली म्हणून त्यांना बिस्फॉस्फोनेटची औषधं चालू असतात. मोठी शस्त्रक्रिया नको असते. दात काढला की त्याचंच मूळ कापायचं, नसेची पोकळी साफ करून कंपोझिटने बंद करायची, आणि तोच स्वतःचा दात फायबरने शेजाऱ्यांना बांधून जागेवर लावायचा. रंग, आकार, वळण सगळं त्यांचं स्वतःचं. बांधलेले शेजारचे हलणारे दातही त्यामुळे आधाराला येतात. घरच्यांना फरक कळत नाही, आणि म्हातारपणी अचानक समोरचा दात गेल्याचा जो धक्का बसतो तो या माणसांना बसत नाही. माझ्या कामातलं मला सर्वांत समाधान देणारं काम हेच आहे.

मुलीने काय जपायचं? समोरच्या दातांनी ऊस सोलायचा नाही, कडक चिक्की, कैरी, मटणाची नळी समोरून फोडायची नाही. भाकरी, सफरचंद, पेरू तुकडे करून मागच्या दातांनी खायला हरकत नाही. नखं कुरतडायची, पेन चावायची सवय असेल तर ती आधी मोडा. हळदीने कंपोझिट पिवळं पडतं, चहा-कॉफीनेही डाग येतात. आपल्या जेवणातून हळद वगळता येत नाही, म्हणून जेवणानंतर चूळ भरणं आणि सहा महिन्यांनी पॉलिश एवढं पुरेसं. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रोज वापरू नये, तोही डाग पाडतो. मधल्या दाताच्या खालून सुपरफ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा जाडसर दोरा) किंवा बारीक ब्रश रोज फिरवायला शिकवून घ्या. क्लिनिकमध्ये आरशासमोर तिच्या हाताने करून घेतल्याशिवाय निघू नका.

खर्चाबद्दल एवढंच सांगते: फायबरचं सामान महाग असतं, पण लॅबचा खर्च नसतो, त्यामुळे एकूण बिल सहसा झिर्कोनियाच्या पूर्ण ब्रिजपेक्षा आणि इम्प्लांटपेक्षा कमीच येतं. फारच कमी दर सांगितला तर कोणतं फायबर वापरणार आणि रबर डॅम लावणार का, हे दोन प्रश्न विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावणार नाही, पाकीट उघडून दाखवेल. जवळ खात्रीचं क्लिनिक नसेल तर मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयांतल्या प्रोस्थोडॉन्टिक्स विभागात सल्ला घेता येईल.

दर सहा महिन्यांनी तपासणीला न्या, दुखत नसलं तरी. दोन पंखांच्या ब्रिजचा एक पंख सुटला तरी दुसरा धरून ठेवतो आणि मुलीला काहीच जाणवत नाही. सुटलेल्या पंखाखाली मात्र लाळ आणि अन्न साचून कीड लागते. चावताना बारीक हालचाल वाटणं, थंड पाण्याने झिणझिणणं, एका कडेला काळी रेष दिसणं यापैकी काहीही झालं तर तपासणीची तारीख येण्याची वाट पाहू नका. आणि ब्रिज पूर्ण निघालाच तर तो पाण्याने धुऊन छोट्या डबीत ठेवा आणि दोन दिवसांच्या आत दाखवा. घरातल्या झटपट चिकटवणाऱ्या गोंदाने तो परत लावायचा नाही. तो गोंद तोंडासाठी बनवलेला नसतो, दात वाकडा बसतो आणि दातावर घट्ट झालेला तो थर खरवडताना एनॅमलही जातं. धुऊन आणलेला ब्रिज अखंड असेल तर आतली बाजू साफ करून, कीड नसल्याची खात्री करून तोच परत बसवता येतो. तोवर जुना रिटेनर असेल तर त्यात त्या जागी दाताच्या रंगाचं कंपोझिट भरून डॉक्टर काही दिवसांची सोय करून देऊ शकतात.